घाट चढताना दमणारी जुनी गिअरलेस स्कूटर: इंजिन खोलण्याआधी काय तपासायचं

सेकंडहँड गिअरलेस स्कूटर घेतलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "गावात ठीक चालते, पण चढाला ओढत नाही." पुण्यात कर्वे रोडला, लक्ष्मी रोडला काही जाणवत नाही. जुना कात्रज घाट, बोपदेव किंवा सिंहगडाचा रस्ता लागला आणि मागे कुणी बसलेलं असलं की गाडी वीस-पंचवीसच्या वर जात नाही. शेवटी मागच्याला उतरावं लागतं.

सोसायटीत, नात्यात, मित्रमंडळींत हीच तक्रार मी पुन्हा पुन्हा सोडवत आलोय, त्यामुळे तपासणीचा क्रम आता पाठ आहे. दर वेळी गाडीवाल्याला आधी कुणीतरी सांगितलेलं असतं, "इंजिनचं काम निघालंय." रिंग, पिस्टन, बोअर आणि हजारोंचा अंदाज. प्रत्यक्षात अशा बहुतेक गाड्यांचं इंजिन धडधाकट निघतं. एक तर त्याला हवा-पेट्रोल नीट मिळत नसतं, नाहीतर त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नसते. म्हणून इंजिनाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. त्याआधीच्या निम्म्या तपासण्या फुकट आहेत, उरलेल्यांपैकी बऱ्याच दोन-तीनशे रुपयांत होतात.

आधी लक्षणं नीट ओळखा

"पिकअप नाही" एवढं सांगून भागत नाही. चढावर मूठ पिळल्यावर आवाज काय करतो ते ऐका, कारण पुढचा सगळा शोध त्यावर ठरतो.

आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी, कधी जळक्या रबराचा वास. म्हणजे इंजिन काम करतंय, मधे कुठेतरी घसरतंय. संशय बेल्ट किंवा क्लचवर.

आवाजच चढत नाही. मूठ पूर्ण पिळली तरी इंजिन दबलेलं, जड. इथे तीन शक्यता: ब्रेक धरलेला, हवा-पेट्रोल-स्पार्कमध्ये गडबड, किंवा गाडी चढाला 'खालच्या गिअर'मध्ये येत नाही. गिअरलेस असली तरी आत गिअर बदलल्यासारखी क्रिया होतच असते, त्याबद्दल पुढे.

आवाज तुटतो, फट्-फट् होतं, मिसिंग मारते. बहुतेक प्लग, पेट्रोल किंवा वायरिंग.

थोडं अंतर चांगली जाते, मग मरते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. पेट्रोलचा मार्ग किंवा टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग).

सिग्नलवरून निघताना सगळी गाडी थरथरते आणि वेग घेतल्यावर शांत होते. हा क्लच.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. ११० सीसी स्कूटरची ताकद साधारण आठ हॉर्सपॉवर. गाडीचंच वजन शंभर किलोच्या वर, त्यावर दोन मोठी माणसं. चांगल्या गाडीलाही सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर वेळ लागणार. "वर हवा विरळ असते म्हणून दमते" असंही लोक सांगतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, सिंहगड सुमारे १३१२ मीटरवर. तेवढ्या उंचीने ताकद सात-आठ टक्के कमी होईल, फार नाही. पूर्वी डबलसीट चढणारी गाडी आता सिंगल सीटलाही दमत असेल तर तो दोष हवेचा नाही.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

टायरमधली हवा. ही पहिली, कारण लोक हीच सोडून देतात. मागच्या चाकात हवा कमी असेल तर टायर रस्त्याला चिकटून चालतो आणि इंजिनाची बरीचशी ताकद तो दाबण्यातच जाते. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो आणि डबलसीटसाठी मागच्या चाकाचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. हवा थंड टायरमध्ये भरा. पेट्रोल पंपावरचा पोरगा सरसकट सगळ्यांना एकच आकडा भरतो, त्याला आपला आकडा सांगा.

धरलेला ब्रेक. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद, मागचं चाक हाताने फिरवा. गिअरलेस स्कूटरचा क्लच इंजिन बंद असताना सुटलेला असतो, त्यामुळे चाक सहज फिरलं पाहिजे. दोन-तीन फेऱ्यांत घासत थांबत असेल तर ब्रेक धरतोय. नंतर ब्रेक एकदा जोरात दाबून सोडा आणि पुन्हा फिरवून बघा. पावसाळ्यानंतर ब्रेकची केबल गंजून परत येत नाही आणि चाकाजवळचा ब्रेकचा दांडा जड होतो, हे पुण्यात फार दिसतं. केबलला तेल, दांड्याला थोडं ग्रीस, लिव्हरला मॅन्युअलप्रमाणे ढिलाई. पुष्कळ गाड्या एवढ्यावरच सुधारतात. आठ-दहा किलोमीटर ब्रेक न वापरता चालवून मागच्या ड्रमवर पाण्याचे थेंब टाका. चर्र आवाज आला तर ब्रेक नक्की धरतोय. हात लावून बघू नका, भाजतं.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण. टाकीतलं पेट्रोल खाली जायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ती वाट धुळीने बुजली की गाडी थोडं अंतर जाते, मग गुदमरते. गाडी मरायला लागली की थांबून झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली तर दोष सापडला. झाकण धुऊन, वाळवून, फुंकून बघा.

पेट्रोल स्वतः. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल, टाकीत पेट्रोल थोडंच असेल आणि पावसाळा मधे गेला असेल, तर पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि इंजिनाकडे आधी तोच जातो. उभ्या राहिलेल्या सेकंडहँड गाडीचं जुनं पेट्रोल काढून टाका, नवीन भरा, मगच निदान करा. २०१०-१२ च्या आसपासच्या गाडीत रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातले) वायसर कडक झालेत का, गळतायत का, तेही बघा. त्या गाड्या एवढ्या इथेनॉलसाठी बनलेल्या नव्हत्या.

उंदीर. पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या सीटखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर घर करतात. कुरतडलेली वायर, आत कोंबलेला कापूस, फाटलेली हवेची नळी. टॉर्च घेऊन पाच मिनिटं बघा, फार वेळ वाचतो.

दोन-तीनशे रुपयांच्या तपासण्या

एअर फिल्टर. खडी, बांधकाम आणि मेट्रोच्या कामांमुळे पुण्यात धूळ इतकी आहे की मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतराच्या आधीच फिल्टर बघायला हवा. हवा कमी पडली की मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो, गाडी जड होते. बऱ्याच स्कूटरमधला फिल्टर तेल लावलेल्या कागदाचा असतो. त्याला कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. धूळ पकडणारं तेल त्याच कागदावर असतं, हवा मारली की धूळ आत घुसते आणि कागद फाटतो. असा फिल्टर बदलायचाच. स्पंजचा असेल तर धुता येतो.

फिल्टर तेलाने ओला निघाला तर थांबून विचार करा. एक तर इंजिनात ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरलंय आणि ते इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या श्वासनळीतून फिल्टरच्या डब्यात येतंय, किंवा रिंग झिजल्यामुळे इंजिनाच्या पोटात दाब वाढलाय. आधी ऑइलची पातळी नीट करा, डबा पुसा, नवा फिल्टर टाका आणि हजार किलोमीटरने पुन्हा उघडून बघा. पुन्हा ओला झाला तर ती गोष्ट मेकॅनिकला सांगायची.

प्लग. काढून रंग बघा. विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. कोरडा काळा म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. तेलकट काळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा कुठूनतरी आत येतेय. घासून परत लावण्यापेक्षा नवाच लावा, शंभर-दीडशेचा असतो. मॅन्युअलमधल्याच नंबरचा घ्या. लावताना आधी हाताने फिरवत न्या, मग पाना. ॲल्युमिनियमच्या हेडमधला आटा तिरका बसला तर मोठं काम निघतं.

ऑइल. बहुतेक ११० सीसी स्कूटरना १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाडीचा नंबर) लागतं, आणि गिअरलेस स्कूटरचा क्लच तेलात बुडालेला नसल्यामुळे जासो एमबी प्रकारचं, म्हणजे जपानी मानकातलं कमी घर्षणाचं. बाइकमधलं २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल "जास्त टिकतं" म्हणून टाकलेलं असेल तर छोटं इंजिन त्यानेच जड होतं. पातळी बघताना गाडी सपाट जमिनीवर, मेन स्टँडवर. बऱ्याच मॉडेलमध्ये काडी पुसून नुसती आत टेकवायची असते, आटे फिरवायचे नसतात. ऑइल कमी निघालं तर भरा आणि किती किलोमीटरमध्ये पुन्हा कमी होतं ते लिहून ठेवा. पुढे मेकॅनिकला या नोंदीचा फार उपयोग होतो.

मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल बऱ्याच गाड्यांत वर्षानुवर्षं कुणी बदललेलंच नसतं. लागतं साधारण १०० ते १२० मिली. काढलेल्या तेलात चकाकणारे कण किंवा दुधाळपणा दिसला तर आतले बेअरिंग झिजलेत किंवा पाणी शिरलंय.

बॅटरी आणि इंजिनचा दिवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले आणि स्कूटर कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर, म्हणजे पंपाने पेट्रोल फवारण्यावर गेल्या. अशा गाडीत पेट्रोलचा पंप बॅटरीवर चालतो, म्हणून मेलेली बॅटरी गाडीला मिसिंग करायला लावू शकते. साध्या मीटरने बघा: बंद गाडीला साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू गाडीला थोडी रेस दिल्यावर चौदाच्या आसपास. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा गाडी सुरू झाल्यावरही जळत राहिला तर हे पान इथेच मिटा आणि स्कॅनर असलेल्या ठिकाणी जा. अंदाजाने सेन्सर बदलत बसलात तर दोष कळण्याआधीच पैसे संपतील.

सायलेन्सर. गाडी चालू ठेवून तोंडापासून वीतभर मागे हात धरा. हवेचे झटके जोरदार आणि सलग यायला हवेत. बराच काळ ऑइल जाळत चाललेल्या गाडीचा सायलेन्सर आतून कार्बनने भरतो, आणि उभ्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घरही करते.

खरा चोर बहुतेक डाव्या बाजूला असतो

इथवर काही सापडलं नाही, किंवा लक्षण "आवाज चढतो पण वेग नाही" असं होतं, तर डावीकडचं लांबट झाकण उघडायची वेळ आली. आत काय चालतं ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठला पार्ट काय करतो ते कळेल.

पुढे इंजिनाच्या शाफ्टवर एक पुली, मागे चाकाच्या बाजूला दुसरी, दोघींमध्ये रबरी बेल्ट. पुढच्या पुलीत, जिला व्हेरिएटर म्हणतात, सहा रोलर असतात. इंजिनाचे फेरे वाढले की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीची एक थाळी पुढे सरकते आणि बेल्ट वरच्या कडेकडे चढतो. मागची पुली तेव्हा स्प्रिंगविरुद्ध उघडते आणि तिथे बेल्ट आत उतरतो. हा झाला वरचा गिअर. चढ लागला की उलटं व्हायला हवं. मागच्या पुलीच्या पोटात तिरक्या खाचा आणि त्यात पिना असतात. चाकावर जोर आला की त्या खाचा पुली घट्ट बंद करतात, बेल्ट मागे वर चढतो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये येते. याच्या मागे क्लचचे तीन शू, जे फेरे वाढल्यावर पसरून बाहेरच्या ड्रमला धरतात.

भारतात ही यंत्रणा घराघरांत पोचवली ती १९८४ साली एकत्र आलेल्या कायनेटिक आणि होंडाच्या स्कूटरने, आणि तिच्यात पुण्याच्या फिरोदियांचा हात होता. 

उघडण्याआधी गाडी पूर्ण थंड हवी, चावी काढून खिशात. झाकणाचे बोल्ट बहुधा ८ नंबरचे आणि वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्याच भोकात खोचत जा. लांब बोल्ट आखूड जागी बसवला तर आतली केसिंग फुटते.

पहिल्यांदा नुसतं बघा. थोडी काळी धूळ असणारच. दोऱ्यांचे गुच्छ, रबराचे तुकडे असतील तर बेल्ट संपलाय. धूळ फुंकू नका, हवा मारू नका, त्यात क्लचच्या लायनिंगची भुकटी असते. तोंडावर फडकं बांधा आणि ओल्या कापडाने पुसा.

बेल्ट. आतल्या दातांमध्ये वाकवून भेगा बघा. बाजूच्या कडा हाताने तपासा. खरखरीत असतील तर ठीक, काचेसारख्या चकचकीत असतील तर तो घसरत होता. रुंदी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. रुंदीला इतकं महत्त्व का? बारीक झालेला बेल्ट पुढच्या पुलीत वर पूर्ण चढत नाही, वेग मरतो, आणि त्याची पकडही कमी होते. बहुतेक गाड्यांत बेल्टचं आयुष्य २० ते २४ हजार किलोमीटर धरलेलं असतं. सेकंडहँड गाडीत मीटरवर विश्वास ठेवून बेल्ट ठेवू नका. आधीच्या मालकाकडे बदलल्याचं बिल नसेल तर बदलाच. ताम्हिणी घाटात संध्याकाळी तुटला तर ढकलण्याशिवाय उपाय नाही.

मार्करची खूण. ही युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. पुढच्या पुलीच्या चकचकीत थाळीवर मध्यापासून कडेपर्यंत मार्करने एक रेघ ओढा, झाकण लावा, सपाट रस्त्यावर पूर्ण वेगाने एक फेरी मारा, परत उघडा. बेल्ट जिथवर चढला तिथवर रेघ पुसलेली असेल. कडेजवळ बरीच रेघ तशीच उरली असेल तर बेल्ट बारीक झालाय, नाहीतर रोलर झिजलेत.

रोलर. हे बघायला पुढचा नट काढावा लागतो, त्याबद्दल खाली इशारा आहे. चांगला रोलर गोल असतो. झिजलेल्याला सपाट बाजू पडते, मग तो गुळगुळीत घरंगळत नाही, अडकतो. बाहेर अडकला तर गाडी निघताना आणि चढाला मेलेली, कारण ती वरच्या गिअरमध्येच बसलेली असते. सहाही एकदम बदला, कंपनीच्या वजनाचेच. हलके रोलर टाकून "पिकअप वाढवून" देणारे भेटतील. थोडा फरक जाणवतोही, पण इंजिन कायम जास्त फेऱ्यांवर पळतं आणि पेट्रोलही जास्त पितं.

मागच्या पुलीच्या पिना. "आवाज दबतो, चढाला जड होते, सपाटीला उत्तम" या तक्रारीचं उत्तर मला इथेच सापडत आलंय, आणि हीच जागा सर्व्हिसमध्ये हमखास सुटते. खाचांमधलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं, पिना अडखळतात, चढ लागला तरी पुली बंद होत नाही आणि इंजिन वरच्या गिअरमध्येच ओढत बसतं. गॅरेजमध्ये बेल्ट काढल्यावर मागची सरकती थाळी हाताने पिळून बघा. स्प्रिंगचा जोर लागेल, पण ती अडखळल्याशिवाय फिरून झटकन परत आली पाहिजे. करकरत असेल, मधेच थांबत असेल तर हा भाग खोलून, साफ करून नवीन ग्रीस भरायचं. पार्ट फारसे लागत नाहीत, पण खोलणं मेकॅनिककडेच, कारण आतली मोठी स्प्रिंग दाबून बसवलेली असते.

क्लच. ड्रमच्या आतून निळे डाग म्हणजे तो तापून घसरत होता. शूवरचं लायनिंग मोजा. ते जाड असून चकचकीत झालं असेल तर निघताना गाडी थरथरते.

बेल्ट बदलला, सहा महिन्यांत पुन्हा तेच

हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त छळतो. नवा बेल्ट, पुन्हा घसरणं, पुन्हा नवा बेल्ट. अशा वेळी बेल्टला दोष देणं सोडा आणि त्याला मारणारं कारण शोधा.

पहिला संशय तेलाचा. झाकणात आतून तेलाचा ओलावा आहे का बघा. पुढच्या पुलीमागे ओलं असेल तर इंजिनाच्या शाफ्टचं ऑइल सील गेलंय, मागच्या पुलीमागे असेल तर गिअर ऑइलचं. सील स्वस्त असतं. ते न बदलता घातलेला बेल्ट मात्र तेल पिऊन फुगतो आणि घसरत राहतो.

दुसरं, पुलीच्या थाळीवर बेल्टने पाडलेली खाच. नख फिरवल्यावर पायरी लागली तर नवा बेल्टही तिथेच अडकणार. थाळी बदलावी लागते.

तिसरं, थंड हवेचा मार्ग. बेल्टच्या डब्यात हवा यायला वाट असते आणि बऱ्याच गाड्यांत तिथे छोटा स्पंज किंवा जाळी असते. ती चिखलाने बुजली की घाटात बेल्ट शिजतो.

चौथं, चालवण्याची सवय. चढावर सिग्नलला ब्रेक न धरता मूठ थोडी पिळून गाडी तोलून धरणं, नवले पुलाच्या रांगेत रोज असंच करणं. तेवढा वेळ क्लच घासत आणि तापत असतो, आणि ती उष्णता त्याच बंद डब्यात बेल्टलाही लागते. ब्रेक धरा, रेस सोडा.

भिडे पुलाजवळच्या नदीपात्रातून किंवा साचलेल्या पाण्यातून गेल्यावर गाडी अचानक घसरायला लागली तर डब्यात पाणी गेलेलं असतं. स्वच्छ पाणी असेल तर हळू चालवत राहिल्यावर काही मिनिटांत वाळतं. गढूळ पाणी असेल तर उघडून धुतल्याशिवाय सुटका नाही, कारण रेती पुली खाते.

गाडी घेतानाच हे बघून ठेवा

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरी पाण्यात गेली. दोन्ही वेळा शेकडो गाड्या बुडाल्या, आणि अशा गाड्या पुढे धुऊन-पुसून विकायला येतात. सीटखालच्या कोपऱ्यांत, हेडलाइटच्या आत, वायरिंगच्या जोडांत गाळाची बारीक रेघ शोधा. गिअर ऑइलचा बोल्ट सैल करून दोन थेंब पाडायला सांगा. दुधाळ निघालं तर नमस्कार करून परत फिरा.

चाचणी सपाट गल्लीत घेऊ नका. मालकाला मागे बसवा आणि जवळच्या चढावर न्या. गाडी आधीपासून गरम करून ठेवलेली असेल तर थंड झाल्यावर पुन्हा या, कारण थंड इंजिन सुरू होताना निळा धूर निघतो का ते तेव्हाच कळतं.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे जा

पुढचा आणि मागचा मोठा नट. पुढच्या पुलीचा नट बसवताना बेल्ट दोन थाळ्यांमध्ये चिमटला तर नट घट्ट बसल्यासारखा वाटतो. गाडी सुरू झाली की बेल्ट सरकतो, नट सैल होतो आणि शाफ्टचे दात खाऊन टाकतो. मग खरोखरच इंजिन खोलावं लागतं. मागच्या नटाखाली स्प्रिंग दाबलेली असते, ती सुटली तर तोंडावर येते. पुली धरायचं हत्यार आणि टॉर्कचा पाना नसेल तर या दोन्हींना हात लावू नका. झाकण उघडून बेल्ट आणि तेल बघण्यापर्यंत घरी, त्यापुढे गॅरेज.

टॅपेट. गाडी थंड असताना पटकन सुरू होते, गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा सुरू व्हायला छळते, आणि चढाला मरते, तर टॅपेट फार घट्ट झाले असावेत. ते वाजत नाहीत म्हणजे उत्तम असं नाही. घट्ट टॅपेट आवाज करत नाहीत, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाहीत आणि तो जळतो. सेटिंग थंड इंजिनावर, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) करायचं. गाडी सकाळी चालवत नेऊन लगेच "टॅपेट करून द्या" म्हणू नका. तिथे ठेवा, थंड होऊ द्या.

निळा धूर, ऑइल सतत कमी होणं, तेलकट प्लग, पुन्हा ओला होणारा फिल्टर. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर इंजिनचं काम खरंच निघालंय. तरीही आधी कॉम्प्रेशन गेज (इंजिनातला दाब मोजायचं मीटर) लावून आकडा दाखवायला सांगा, आणि तो मॅन्युअलशी ताडा. गेज न लावता नुसत्या आवाजावरून इंजिन खोलायला निघालेल्याला गाडी देऊ नका.

पेट्रोलचा वास येत असेल, कुठे गळत असेल, ब्रेक लागत नसेल किंवा मागचं चाक डोलत असेल तर गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका. टेम्पोत घाला.

मेकॅनिककडे जाताना "पिकअप नाही" एवढंच सांगू नका. आवाज चढतो की दबतो, थंड असताना की गरम, सिंगल की डबलसीट, आणि तुम्ही काय काय बदललंय ते सांगा. पार्ट स्वतः आणायचे असतील तर नाना पेठेत दुकानांच्या रांगा आहेत. जुना बेल्ट आणि रोलर सोबत न्या, पॅकिंगवरचा पार्ट नंबर मॅन्युअलशी जुळवा, बिल घ्या. काम झाल्यावर काढलेले पार्ट परत मागा, आणि पैसे देण्याआधी मेकॅनिकला मागे बसवून चढावर एक फेरी मारा.